चमन तांबोळ्याचे चौथे बोट

२१ जानेवारी १९०७ रोजी शाहूपुरीतल्या सिद्धलिंगआप्पांच्या अडत दुकानाला सत्तावीस रुपये आठ आण्यांचा भुर्दंड बसला, आणि तो चमन तांबोळ्याच्या उजव्या करंगळीमुळे बसला.

कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचे राज्य होते. स्टेशनाजवळची गुळाची पेठ वसून दहा-बारा वर्षे झाली होती. पेठ नवी, पण सौद्याची रीत जुनीच चालत आलेली. शेतकऱ्याने गाड्या आणून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, दुकानापुढे रचले की व्यापारी गोळा होत. भावातले रुपये तोंडाने बोलायचे, आणे मात्र हाताने. अडत्याचा माणूस उजवा हात पुढे करी, त्यावर रुमाल टाकी, आणि एकेक व्यापारी रुमालाखाली हात घालून त्याची बोटे धरी. एक बोट धरले तर एक आणा, दोन धरली तर दोन, अंगठा सोडून चारी धरली तर चार, सबंध पंजा म्हणजे पाच. त्यापुढे जायचे तर पंजा दाबून पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात. भाव पटला नाही तर अडत्याचा माणूस हात झटकी. कोणी किती लावले हे शेजारच्या व्यापाऱ्याला कळत नसे, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याला तर नाहीच नाही. तो आपला बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभा. सगळ्यांचे हात आटोपले की अडत्याचा माणूस भाव पुकारी. एकदा पुकारलेला भाव मोडायचा नाही, हा पेठेचा कायदा.

सिद्धलिंगआप्पांच्या दुकानात हा हात पुढे करण्याचे काम चमन चोवीस वर्षे करत होता. सौदा गावातल्या जुन्या बाजारात होत असे तेव्हापासून तो आप्पांकडे होता. त्याच्या हातात आप्पांचा जीव, असे लोक म्हणत. चमनला ते ऐकायला आवडे.

दोन पावसाळ्यांपासून मात्र त्याच्या करंगळीचे पेर सुजले होते. ती आत वळून शेजारच्या बोटाला अशी चिकटून बसली, जशी लग्नातली करवली नवरीला सोडत नाही. नमाजाला हात बांधताना ठणका लागे. चमनने हे कोणाला सांगितले नाही. सौद्याच्या वेळी तो दात आवळून हात पुढे करी आणि चेहरा असा ठेवी की जणू शेजारच्याचे बोट दुखते आहे.

त्या दिवशी बाळासो आला. हा स्टेशनावरून रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, भरून गुजरातेत गूळ पाठवणारा मोठा व्यापारी. आवाज मोठा, मूठ त्याहून मोठी. बारा गाड्यांचा माल होता, चारशे चाळीस मण. बाळासोने तीन बोटे धरली. पण तिसऱ्याबरोबर चौथे आपोआप मुठीत गेले, आणि ठणक्याने डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना चमनने पुकारले, ‘‘दोन रुपयं चार आणं!’’

‘‘चार कुठनं आलं?’’ बाळासो म्हणाला. ‘‘मी तीन धरलेली.’’

‘‘चार लागली माझ्या हाताला.’’

‘‘तुझ्या हाताला लागली आसतील. माझ्या हातानं दिली न्हाईत.’’

रुमालाखालच्या गोष्टीला साक्षीदार कुठला? पुकारलेला भाव मोडता येईना, आणि बाळासोला खोटे म्हणता येईना. शेवटी मणामागचा एक आणा आप्पांनी आपल्या पदरचा घातला आणि गाड्या रिकाम्या झाल्यावर चमनला गादीजवळ बोलावले.

‘‘हात बघू.’’

चमनने डावा पुढे केला.

‘‘दुसरा.’’

आप्पांनी करंगळी बघितली, हलवून बघितली. चमनच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण मिशी हलली.

‘‘कवापासनं हाय हे?’’

‘‘दोन पावसाळं झालं.’’

‘‘मग सांगितलं का न्हाईस?’’

‘‘सांगितलं आसतं तर तवाच घरी बसवलं आसतंसा. न सांगून दोन हंगाम काढलं की, मालक.’’

आप्पांना हसू आले, पण सत्तावीस रुपये ताजे होते. ते म्हणाले, ‘‘चमन, वय झालं आता. आमचा पुतण्या आलाय निपाणीहून, चन्नवीर. बावीसचा हाय. बोटं बघ त्याची, वेताच्या छडीगत लवत्यात.’’

‘‘मी एक्कावनचा. तुमी अठ्ठावनचं.’’

‘‘मी कुठं रुमालाखाली हात घालतो?’’

आप्पांनी गोदामाची राखण देऊ केली, अर्ध्या पगारावर. चमनला ते पटले नाही. त्याच्या मते राखणदारी म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात काठी देऊन त्याला नोकरीत असल्याचा भास करून देणे. तो मुजरा करून पायऱ्या उतरला. चन्नवीर तेव्हा रुमालाची घडी घालत होता. पोरगा वाईट नव्हता. तो ओशाळून म्हणाला, ‘‘काका, राग धरू नका.’’

‘‘राग तुझा न्हाय,’’ चमन म्हणाला. ‘‘घडी उलटी घालतोयास तेवढं बघ.’’

घरी बायकोला, ताजबीला, हे सांगायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो दुकानाच्या वेळेला आवरून बाहेर पडू लागला तेव्हा ताजबी म्हणाली, ‘‘कुठं निघालासा? पंचगंगेवर बसायला? कालबी तिथंच हुतासा. नळाला आलेल्या बायका मला सांगून गेल्या.’’

मग त्याने सगळे सांगितले. ताजबीने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, ‘‘मालक तुमच्यापेक्षा मोठा. त्याला कोण घरी बसवत न्हाय?’’

‘‘त्याला गादी हाय. गादीवर बसल्याल्याचं वय कोण मोजत न्हाय.’’

त्यांची एकुलती लेक रशिदा हुपरीला दिलेली. जावई चांदीचे काम करी, घरातच भट्टी. त्याचा निरोप चार महिने येतच होता की अब्बांनी आता इकडे यावे, भट्टीला भाता मारायला घरचे माणूस होईल. निरोप आदराचा होता. पण जावयाच्या घरात, जावयाच्या भट्टीपुढे, दिवसभर भाता मारत बसायचे आणि संध्याकाळी लेकीने वाढलेले खायचे, या विचारानेच चमनने हातातली भाकरी खाली ठेवली. पेठेत ज्याला हाका मारल्याशिवाय व्यापारी पुढे जात नसत, तो हुपरीत ‘रशिदाचा बाप’ होऊन बसणार.

‘‘शिमग्यापतूर बघा,’’ ताजबी म्हणाली. ‘‘तवर घरात दाणा हाय. शिमग्याला जावई गाडी घिऊन येनार हाय. काम मिळालं तर गाडी रिकामी जाईल, न्हाय मिळालं तर भांडी बांधायची.’’

चमन कामाला लागला, म्हणजे काम शोधायच्या कामाला. आधी त्याने दाढीला मेंदी लावली. मेंदी जुनी होती की जास्त वेळ राहिली कोण जाणे, दाढी पिकल्या भोपळ्याच्या रंगाची झाली. त्या रंगात तो पेठेतल्या सगळ्या अडतींच्या पायऱ्या चढून आला. सत्तावीस रुपयांची बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. प्रत्येक अडत्या आदराने बसवी, पाणी देई, आणि मग सहज म्हणून त्याची करंगळी चेपून बघे. चमन डोळ्यांतले पाणी आवरून म्हणे, ‘‘थंडीचं जरा आखडलंय.’’ एका दुकानात तर त्याने डावा हात पुढे करायची तयारी दाखवली. दुकानदार दचकून म्हणाला, ‘‘डाव्या हातानं सौदा? माझं दिवाळं ह्या शिमग्यालाच काढतोस व्हय?’’

पेठेच्या टोकाला भुसार मालाचे दुकान होते. तिथला मालक चमनला ओळखत नव्हता. त्याने वरपासून खालपर्यंत बघितले, दाढीपाशी जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘पावणं, तुमच्या वयाचा माझा बा हाय. त्यालाच कायतरी काम बघा म्हणून सगळ्यास्नी सांगत फिरतोय मी.’’

करंगळीचेही उपाय झाले. शेजारच्या अंबूबाईने निरगुडीचा पाला वाफवून बांधला, मग मोहरीचे तेल, मग काय काय. बोट चांगले मऊ आणि वासाचे झाले, पण सरळ झाले नाही.

शेवटी चमनने आडनावाची आठवण केली. बापजाद्यांचा धंदा पानाचा. त्याने एक परात, पानाची चवड, चुना, कात, सुपारी घेतली आणि पेठेतच, सिद्धलिंगआप्पांच्या दुकानासमोर, कडुलिंबाखाली बसला. दुसरीकडे बसावे असे ताजबीने सुचवले होते. त्याने ऐकले नाही. पण पानाला बोटापेक्षा लक्ष लागते, आणि चमनचे लक्ष समोरच्या रुमालावर. चन्नवीरने हात पुढे केला की याचा हात चुन्यात थांबे. सुपारीशिवाय पान जाई, कातावर कात पडे. गिऱ्हाइके एकदा येत, दुसऱ्यांदा लांबून जात.

अशाच एका सकाळी त्याने एका बाईला पान दिले आणि क्षणात ती ओरडली, ‘‘तोंड जाळलंस की रं माझं!’’

ही बनाबाई, कसबा बावड्याची. चाळिशीची, खणखणीत बाई. तिचा नवरा आकाराम गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालताना पाय भाजून घरी पडला होता, म्हणून या हंगामात चार गाड्या गूळ घेऊन ती स्वतः पेठेत आली होती. दीर-भाऊ कोणी आले नव्हते. तिला त्यांची गरजही नव्हती.

‘‘चुना जास्त झाला,’’ चमन म्हणाला.

‘‘जास्त? भिंत सारवली आसती तेवढ्यात. ध्यान कुठं हाय तुझं?’’

‘‘रुमालाखाली.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘ते तुझंच रवं न्हवं का? बघ, बाळासो हात घालतोय. खांद्याकडं बघ त्याच्या. एकदा दबला, मग हललाच न्हाय. नुसता पंजा, पाच आणं लावलं. आता पोरगं हात झटकल. झटकला? मग दुसरा जाईल.’’

बनाबाई तोंडातली आग विसरली. दुसरा व्यापारी गेला, तिसरा गेला. चमन म्हणाला, ‘‘आता पुकारल. दोन रुपयं सहा आणं.’’

चन्नवीरने पुकारले, ‘‘दोन रुपयं सहा आणं!’’

बनाबाईने कमरेवर हात ठेवले. ‘‘माझा माल. आमी ऊस लावला, तोडला, गाळला, नवऱ्यानं पाय जाळून घेतला. आन मलाच ठावं न्हाय किती लागलं, तुला पानवाल्याला ठावं?’’

‘‘तुला बोटं येत न्हाईत.’’

‘‘मग शिकव.’’

चमन हसला. मग त्याचे हसणे थांबले. मालाच्या धन्याला अडत्याच्या माणसाऐवजी स्वतः हात घालता येतो, अशी रीत पेठेत होतीच. चोवीस वर्षांत कोणी शेतकऱ्याने तो घातला नव्हता, कारण बोटांची भाषा कोणाला येतच नव्हती. ती शिकवायची हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते, कारण ज्यांना येत होती त्यांचे त्यात पोट होते. चमनचे पोट आता तिथे नव्हते.

‘‘पन तू बाईमाणूस,’’ तो म्हणाला. ‘‘परक्या बाप्यांनी हात धरायचा, लोक काय म्हणतील?’’

‘‘कासार न्हाय धरत? बांगड्या भरताना घटकाभर हात धरून बसतो, तोबी भर चौकात. त्याला कोण कधी बोललंय? ह्ये तर माझ्या पैशाचं काम.’’

चमनने परात बाजूला सारली. तिचा आणखी चार गाड्या गूळ पुढच्या आठवड्यात यायचा होता. शिकवणीबद्दल काय द्यायचे, ते तिनेच ठरवले: गाडीमागे एक आणा, भाव चढला तर, न चढला तर एक शिवी.

शिकवणी चमनच्या ओसरीवर झाली. पुढे केलेला हात बनाबाईचा, तो धरणारा ताजबीचा, रुमाल चमनचा, आणि चमन बाहेरून सांगणार. दोन दिवस ताजबी व्यापारी झाली. तिसऱ्या दिवशी तिला त्यात इतकी गोडी लागली की भाव पाडू लागली.

‘‘चारच देतीस व्हय गं ताजबी? एवढ्या चांगल्या गुळाला?’’

‘‘खडं हायती तुझ्या गुळात.’’

‘‘खडं तुझ्या डोळ्यात.’’

‘‘भांडू नका,’’ चमन म्हणे. ‘‘रुमालाखाली तोंड चालत न्हाय. पटलं न्हाय तर हात झटक. बारीक झटक, मनगटातनं. दुसऱ्याला कळता कामा नये.’’

आपली करंगळी पुढे करून तो तिला चुका दाखवी. तीन धरली की चार कशी लागतात, हे पेठेत त्याच्याइतके महाग पडलेले दुसरे कोणी नव्हते. ‘‘म्हणून बोटं पसरून ठेव. कोंबडीच्या पायागत. एकाला दुसरं चिकटू देऊ नको.’’

शिमग्याला बारा दिवस राहिले असताना बनाबाईच्या गाड्या आल्या. रवे उतरले, व्यापारी जमले, चन्नवीरने हात पुढे करून रुमाल झटकला. तेवढ्यात बनाबाई पुढे झाली. पदर खोचलेला.

‘‘तुझा हात ऱ्हाऊ दे, बाबा. माझ्या मालाला माझा हात.’’

हशा पिकला. बाळासो म्हणाला, ‘‘आवो बाई, ही काय भाजी मंडई हाय?’’

‘‘भाजी मंडईत निदान भाव ऐकू तरी येतो.’’

चन्नवीरने गादीकडे बघितले. सिद्धलिंगआप्पांनी समोर बघितले. कडुलिंबाखाली चमन परातीत असा डोके घालून बसला होता की जणू सुपारीत मुंग्या शोधतो आहे. आप्पांना काय ते कळले. पण पेठेचा कायदा त्यांनीच चाळीस जणांना ऐकवलेला.

‘‘धन्याला हात घालता येतो,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘धनिणीलाबी येत आसंल. येत न्हाय आसं कुठं ठरल्यालं न्हाय.’’

रुपये तोंडाने दोनवर आले. बाळासो पुढे झाला. चारचौघांत बाईचा हात धरायचा म्हणून तो आधी रुमालाकडे, मग आभाळाकडे बघू लागला, आणि हात घातला. त्या दिवशी पेठेत सकाळपासून सहा आण्यांच्या वर सौदा गेला नव्हता. बाळासोने चार धरली. नवखी बाई, चालून जाईल.

बनाबाईने हात झटकला.

छन्.

चमनच्या हातातली पानाची चवड परातीत पडली. बांगड्या. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि त्याला चार दिवसांत एकदाही सुचले नव्हते. ओसरीवर बोटे धरणारा हात ताजबीचा असायचा, व्यापारी म्हणून. तिच्या हातात चांदीचे एकेकच गोठ, ते वाजत नव्हते. बनाबाईला झटकायचे शिकवताना तर त्याने नुसते मनगट कसे वळते ते बघितले होते, कान दिलाच नव्हता. जन्म सगळा बाप्यांच्या हातांत गेलेला. चोवीस वर्षांत रुमालाखालून आवाज आला नव्हता. आता भर पेठेत सगळ्यांना कळले की बाळासोला नकार मिळाला. सौद्याचा सगळा गुप्तपणा गेला. ही बाई आता बुडणार, आणि तिच्याबरोबर आपण. त्याने मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. पितळी हंडा वर ठेवायचा की खाली, इथपर्यंत तो पोचला.

दुसरा व्यापारी पुढे आला. पण त्याने ऐकले होते. बाळासोला नकार, म्हणजे भाव बाळासोच्या वर हवा. बाळासो कंजूष नाही, तो पाच-सहा तरी बोलला असणार. त्याने सात लावले.

छन्.

पेठेत कुजबुज झाली. यालाही नकार? किती लावले हे कोणालाच माहीत नव्हते. फक्त नकार ऐकू येत होता. आणि नकार ऐकू आला की व्यापाऱ्याला वाटते, माल आपल्या समजापेक्षा चांगला आहे. तिसऱ्याने आठ लावले. छन्. एकजण रव्याचा कोपरा फोडून पुन्हा चाखून आला. लांबच्या दुकानातले दोघे वाजणे ऐकून धावत आले. बाळासो, ज्याने चारापासून सुरुवात केली होती, तो आता रुमालाकडे असा बघत होता की जणू आपलीच म्हैस दुसरा दोहून नेतोय. त्याने पुन्हा हात घातला. पंजा दाबला, आणि परत चार धरली. नऊ आणे.

रुमाल गप्प राहिला.

सगळ्यांनी वाट बघितली. बांगडी वाजली नाही. बनाबाईने हात काढला आणि बावड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारले, ‘‘दोन रुपयं नऊ आणं!’’

‘‘ह्यो काय सौदा हाय?’’ बाळासो कपाळ पुसत म्हणाला. ‘‘हिची बांगडीच बोलत हुती की.’’

‘‘तुमी चार धरलीसा तवा ती बोलली,’’ बनाबाई म्हणाली. ‘‘नऊ धरलीसा तवा गप बसली. शाणी हाय बांगडी.’’

माणसे खो खो हसली. बाळासोही हसला, कारण माल खरोखर चांगला होता आणि अहमदाबादेत तो त्याला तोटा देणार नव्हता. चमनने एक पान लावून त्याला नेऊन दिले. चुना बरोबर पडला होता.

दुपारी सिद्धलिंगआप्पांनी चमनला बोलावले. गादीवर चन्नवीरही होता.

‘‘माझं मीठ खाऊन माझ्याच दारात ह्ये उद्योग?’’

‘‘मीठ बंद झालं हुतं, मालक. जानेवारीत.’’

आप्पांनी डोळे मिटून घेतले. खरे तर त्यांनी सकाळीच हिशेब केला होता. अडत रुपयामागे मिळते; मालाचा भाव चढला तर अडत्याचीही चढते. सहाच्या जागी नऊ आणे म्हणजे बनाबाईच्या चार गाड्यांत त्यांचेही काही गेले नव्हते, आले होते. आणि दुपारपर्यंत बावडा, वडणगे, चिखलीचे तीन शेतकरी विचारून गेले होते की हात शिकवणारा तांबोळी ह्याच दुकानासमोर बसतो का, मग आमचा माल इथेच उतरवतो.

‘‘परत ये म्हणणार न्हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘जागा चन्नवीरला दिली, ती दिली.’’

‘‘मी मागायला आलोच न्हाय.’’

‘‘पन तिथं झाडाखाली ऊन लागतं. आमच्या कट्ट्यावर बस.’’

चमनने विचार केला. कट्ट्यावर बसले की लोक म्हणणार आप्पांचा माणूस, मग शेतकरी शिकायला कशाला येईल? ‘‘झाडच बरं हाय, मालक. तुमी फकस्त एक ठराव करा. धन्यानं हात घातला तर कुणी हसायचं न्हाय.’’

‘‘ठराव करून हसू थांबतंय व्हय?’’

‘‘न्हाय थांबत. पन हसणाऱ्याला भाव दोन आणं चढवून लावायचा, आसा ठराव करा.’’

ठराव झाला, पण निराळा. व्यापाऱ्यांनी आग्रह धरला की बाईने हात घालायचा तर मनगटाला फडके गुंडाळून घालायचा. चमनने हरकत घेतली नाही. फडकी ताजबीने शिवली, जुन्या लुगड्यांची, आणि प्रत्येकीला विकली. पहिले फडके बनाबाईने घेतले आणि पाय भाजलेल्या आकारामच्या जखमेला बांधले. पुढच्या वेळी ती तशीच आली, बांगड्या वाजवत, आणि कोणी तिला अडवले नाही.

कडुलिंबाखाली परात राहिली, पण पानापेक्षा माणसेच जास्त येऊ लागली. म्हातारे येत, ज्यांना पोरांनी ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून गाडीवर ठेवलेले. तरणे येत, ज्यांना म्हाताऱ्यांनी ‘तुला काय कळतंय’ म्हणून ठेवलेले. चमन सगळ्यांना एकच सांगे, बोटं कोंबडीच्या पायासारखी ठेवा, आणि आपली वाकडी करंगळी दाखवी. कोणाला स्वतः हात घालायचे धाडस होत नसे, तर चमन त्याच्या पाठीमागे उभा राही आणि खांदे बघून कानात भाव सांगे. पूर्वी तो हाताने काम करी. आता डोळ्याने आणि तोंडाने करू लागला. दाढी त्याने पुन्हा रंगवली नाही. पांढरी दाढी पाहून शेतकऱ्याला भरवसा वाटतो, हे त्याच्या ध्यानात आले होते.

एकदा भुसार दुकानाचा तो मालक आपल्या बापाला घेऊन आला. बाप पासष्टचा, आडदांड, कंटाळलेला. ‘‘ह्येला बोटं शिकवा,’’ मुलगा म्हणाला. बाप चमनकडे बघून म्हणाला, ‘‘मास्तर लईच पोरसवदा दिसतोय की.’’ चमनला त्या दिवशी जेवण गोड लागले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी हुपरीहून जावई गाडी घेऊन आला. रशिदाने भांडी बांधायला सुतळीसुद्धा पाठवली होती. जावई ओसरीवर टेकतो तोच तीन माणसे चौकशीला आली आणि त्याला उठून जागा करून द्यावी लागली. त्याने थोडा वेळ बघितले, मग सासऱ्याला म्हणाला, ‘‘अब्बा, भात्याला मी दुसरा माणूस बघतो.’’

‘‘बघ. पन म्हातारा बघू नको,’’ चमन म्हणाला. ‘‘त्याला दुसरं काम मिळतं.’’

ताजबीने सुतळी आपल्याकडे ठेवून घेतली आणि गाडीत गुळाचे दोन रवे घातले. गाडी परत हुपरीला गेली.

हंगाम संपता संपता एका संध्याकाळी चन्नवीर आला. इकडेतिकडे बघत, चपला हातात घेऊन. शेतकरी आता सौद्याआधी रुमालाखाली त्याचीच बोटे धरून, किती मिळवून देशील म्हणून उलटे विचारू लागले होते, बोटाच्या पेरांवर अर्धे-पाव आणे सांगू लागले होते, आणि त्याला ते काही येत नव्हते. चुलत्याला सांगायची सोय नव्हती.

‘‘काका, शिकवशीला?’’

‘‘बस. हात काढ.’’

पोराची बोटे खरोखर वेताच्या छडीसारखी होती. तासाभरात तो पेरे शिकला, आणि जाताना विचारले, पैसे किती.

‘‘दोन आणं. सगळ्यास्नी तेवढंच हाय.’’

चन्नवीरने बंडीचा खिसा चाचपला. तो रिकामा होता. ‘‘परवाच्या बाजाराला देतो.’’

‘‘दे.’’

पुढे चमन तांबोळी त्या झाडाखाली सोळा वर्षे बसला. चन्नवीर रोज समोरून जाई, नमस्कार करी, पान खाई आणि पानाचे पैसे देई. शिकवणीचे दोन आणे त्याच्याकडून अजून यायचे आहेत.